बिनसावलीची बाग : स्वर्गाच्या चित्रमालिकेची प्रगती

स्वर्ग या विषयावरील माझ्या चित्रमालिकेतील बागेचे मोठे चित्र आता रंगाच्या शेवटच्या थरापर्यंत आले आहे. ते रंगवताना सर्वांत जास्त वेळ झाडाफुलांनी नव्हे, तर सावलीने घेतला. बेळगावात चित्रकला शिकलेल्याचा हात छायाप्रकाशावरच बसलेला असतो. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या वास्तववादी चित्रकाराने येथे अनेक विद्यार्थी घडवले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे ठरवल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, ही शिस्त येथील हौशी मंडळींतही मुरलेली आहे. मला ती शिस्त प्रिय आहे. मात्र स्वर्गात सूर्य कोणत्या बाजूला काढायचा, या प्रश्नाशी ती थांबते.

याचे उत्तर मला महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात मिळाले. स्वयंवराच्या मंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचेच रूप घेऊन बसलेले असताना दमयंती खरा नळ ओळखते, ती चित्रकाराच्या नजरेने. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातील माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाची माळ मात्र सुकलेली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, आणि त्याच्यासोबत त्याची सावली आहे. स्वर्ग कसा रंगवावा याची इतकी नेमकी सूचना मला दुसरीकडे कोठेही आढळलेली नाही. तेव्हा बागेतून सावली काढूनच टाकायची, असे मी ठरवले.

सावली काढली की वस्तू जमिनीवर बसत नाही, कागदावर चिकटवल्यासारखी दिसते. जुन्या चित्रकारांनी हे कसे सांभाळले ते पाहण्यासाठी मी इटलीतील सिएना येथील जोव्हान्नी दी पाओलो याचे 1445 मधील स्वर्गाचे चित्र पुनःपुन्हा पाहिले; ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फळांनी लगडलेली झाडे, फुलांनी भरलेली हिरवळ, मधूनच ससे, आणि त्या हिरवळीवर संत, साधू, जोगिणी आणि देवदूत एकमेकांना भेटत आहेत. कोणी हात हातात घेतले आहेत, कोणी मिठी मारली आहे. स्वर्ग म्हणजे ताटातूट झालेल्यांची भेट, ही कल्पना मला सिंहासने आणि ढग यांपेक्षा कितीतरी खरी वाटते. रंगाच्या दृष्टीने पाहिले तर त्याने हिरवळ इतकी गडद ठेवली आहे की उजळ वस्त्रे तिच्यावर आपोआप उठून दिसतात आणि सावलीची उणीव भासत नाही. आपल्या विजापूरच्या दरबारी चित्रांतही हाच मार्ग वेगळ्या तऱ्हेने सापडतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील, हातावर मैना घेतलेल्या योगिनीचे जे प्रसिद्ध चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे, त्यात फुलझाडे तिच्याएवढी उंच आहेत. नेहमीचे प्रमाण सोडले की सावलीशिवायही पाहणाऱ्याला कळते की ही जमीन वेगळी आहे.

प्रकाश मात्र मला परक्या चित्रांतून घ्यावा लागला नाही. श्रावणात खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला दिवसचे दिवस ऊन पडत नाही. ढगांतून गाळून आलेला उजेड सगळीकडून सारखाच येतो, झाडाखाली सावली नसते, आणि तरीही हिरवा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. तेथील जांभ्या दगडाच्या एका गडग्याचा मी बसून अभ्यास केला. दगडाच्या छिद्राछिद्रांत शेवाळ भरलेले, ओला दगड जवळजवळ काळपट तांबडा झालेला, आणि फटींतून उगवलेल्या तेरड्याची गुलाबी फुले पावसाच्या भाराने खाली झुकलेली. फुलाखाली सावलीची रेघही नव्हती. फूल पुढे येत होते ते केवळ मागच्या ओल्या दगडाच्या गडदपणामुळे. बागेच्या भिंतीसाठी मी हाच गडगा घेतला. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो, आणि म्हणूनच न कोमेजणाऱ्या फुलांच्या जागी मला पारिजातकापेक्षा तेरडाच हवा होता.

करण्याची रीत थोडक्यात नोंदवते. जाड हातकागदावर प्रथम गेरूचा पातळ थर दिला आणि त्यावर गॉशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, हिरवा रंग असा चढवला की तांबडेपणा मधूनमधून डोकावत राहील. त्यामुळे हिरव्याला ऊब येते. गॉश वाळल्यावर गडद छटा थोड्या फिकट होतात आणि फिकट छटा थोड्या गडद होतात, म्हणून जमिनीचा रंग हवा त्याहून एक पायरी गडद कालवावा लागतो आणि प्रत्येक मिश्रण आधी वेगळ्या कागदावर वाळवून पाहावे लागते. आपल्या दमट हवेत हे वाळणे फार रेंगाळते; घाई करून वरचा थर दिला तर खालचा रंग उचलला जातो. पावले जमिनीवर टेकवण्यासाठी सावलीऐवजी गवताची पाती पावलांच्या पुढे काढली. एवढ्याने आकृत्या स्थिर झाल्या.

पुढचे चित्र समवसरणाचे, म्हणजे जैन तीर्थंकरांच्या उपदेशसभेचे, घेणार आहे. आपल्या सीमाभागात दिगंबर जैन परंपरा जुनी आहे आणि त्या परंपरेत केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालेल्या तीर्थंकरांच्या देहाची सावली पडत नाही असे सांगितले आहे. त्यांच्या सभेत परस्परांचे वैरी असलेले प्राणीही शेजारी बसून उपदेश ऐकतात. रचना वर्तुळाकार असल्याने बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरील दगडी कमळाची रेखाटने करण्यास सुरुवात केली आहे. एकात एक गुंफलेल्या पाकळ्यांच्या त्या वलयांतून सभेचे वर्तुळाकार विभाग बसवता येतील असे दिसते. मध्यभागी तीर्थंकरांच्या मागे भामंडल, म्हणजे तेजोवलय, येईल. त्यासाठी सोन्याचा वर्ख वापरायचा की पेवडीच्या पिवळ्यावरच भागवायचे, हे लहान नमुने करून पाहिल्यावर ठरवीन. वर्खाची चकाकी पाहणाऱ्याच्या जागेनुसार बदलते आणि मला तर उजेड सगळीकडून सारखा हवा आहे, म्हणून तूर्त माझा कल पेवडीकडे आहे.