माझा पहिला मोर्चा आणि दुसरा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं सहल, गॅदरिंग, पीटीच्या सरांची छडी असं लिहावं, बाकीचे तेच लिहितील आणि ते वाचायला छानच वाटतं. पण मला आपल्या शाळेबद्दल एकच गोष्ट सांगायचीय, आणि ती मी शाळा सोडून गेल्यानंतरची आहे. मी १९७६ च्या दहावीच्या बॅचचा.

१९७८ ला बारावी झाली आणि मी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेजला गेलो. हॉस्टेल मिळालं. माझा बाकावरचा जोडीदार, पाचवी ते दहावी आम्ही एकाच बाकावर होतो, तोही त्याच शहरात, मिलिंद कॉलेजला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला विचारलं तर म्हणाला तुझी गोष्ट तू सांग, माझी मी सांगीन.

२७ जुलैला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. आणि दोन दिवसात शहराचा नूरच बदलला. आमच्या हॉस्टेलवर सकाळी सकाळी दारं वाजवत पोरं आली, चला खाली, मोर्चा आहे, कोणी रूममध्ये राहायचं नाही. मी गेलो. कुणी ओढून नेलं नाही हे इथं स्पष्ट लिहितो. सगळे चालले म्हणून मीही चाललो, आणि अर्ध्या रस्त्यानंतर तर घोषणापण द्यायला लागलो, ठराव रद्द करा, रद्द करा. एवढ्या लोकांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की छाती कशी भरून येते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, त्या वयात तर फारच. ज्या माणसाच्या नावाला मी विरोध करत होतो त्याच माणसाने १९५० साली या शहरात मिलिंद कॉलेज काढलं, निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या आपल्या मराठवाड्यात कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी असताना काढलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

हा माझा पहिला मोर्चा. तो चुकीच्या बाजूचा होता.

कॉलेजं बंद पडली, मी एसटीने गावी आलो. रस्त्यात कुठं कुठं झाडं तोडून टाकलेली, गाडी थांबत थांबत आली. तोवर खेडोपाडी दलितांच्या वस्त्या जाळायला सुरुवात झाली होती. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा जीव घेतला, ते नंतर कळलं. आपल्या गावात माणूस गेला नाही, पण वस्तीतली घरं जळाली. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना मी वेगळं काय सांगणार, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आमच्या घरी वडील त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी हेडसरांचा निरोप आला, शाळेत ये म्हणून. गेलो तर ऑफिसात सर एकटेच, समोर जनरल रजिस्टर उघडलेलं, बाजूला दाखल्याच्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. म्हणाले, क्लार्क रजेवर आहे, वस्तीतल्या पोरांचे दाखले, मार्कशीट सगळं जळालंय, कॉलेजला, नोकरीला काय दाखवतील ती. मार्कशीटसाठी बोर्डाला अर्ज करू, पण दाखले आजच झाले पाहिजेत, तू वाच, मी लिहितो. असं म्हणून पेनात शाई भरली.

मी वाचत गेलो. संपूर्ण नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, जात. सरांची एक सवय होती, पटावरच्या प्रत्येक पोराला ते पूर्ण नावाने हाक मारायचे, पोराचं, बापाचं, आडनाव. गावात त्यातल्या निम्म्या पोरांना अर्ध्या तुटक नावाने, नाहीतर नुसतं अरे म्हणून बोलवायचे, आणि शाळेत तेच पोरगं पूर्ण नावाने उभं राहून हजर सर म्हणायचं. त्या दुपारी मी ती नावं वाचत होतो, सर लिहीत होते, मध्येच मी भरभर वाचलं तर म्हणायचे सावकाश, नाव आहे ते. सतरा दाखले झाले. माझ्या जोडीदाराचा नववा की दहावा असेल. त्याच्या ओळीच्या बरोबर खाली माझी ओळ होती, पाचवीत एकाच दिवशी नाव घातलेलं आमचं, आणि माझा दाखला मात्र घरी ट्रंकेत इस्त्रीच्या घडीसारखा जपून ठेवलेला. तिथं माझा आवाज बसला. सरांनी वर बघितलं, काही विचारलं नाही, तांब्या पुढं सरकवला.

सरांनी त्या दिवशी फी घेतली नाही आणि भाषणही दिलं नाही. सतरा सह्या केल्या, शिक्के मारले, आणि म्हणाले तूच देऊन ये.

ते दाखले घेऊन मी वस्तीत गेलो. एकेकाच्या हातात देताना मला मान वर करता येत नव्हती. माझ्या मित्राच्या घराचे पत्रे वाकून आत आलेले, त्याची पुस्तकाची पेटी होती ती पण गेली, कडी तेवढी राहिली होती. त्याने दाखला घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. आम्ही बोललो नाही.

ठराव कागदावरच राहिला होता. तो अमलात आणा म्हणून पुढच्या वर्षी, १९७९ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघाला आणि ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, औरंगाबादला सत्याग्रह ठरला. मी स्वतःच मिलिंदच्या हॉस्टेलवर गेलो आणि मित्राला म्हणालो मला यायचंय. तो म्हणाला, ये की.

त्या दिवशीचं सगळं सांगत बसत नाही, हजारो लोकांनी अटक करून घेतली, त्यात आम्ही दोघं. एकच सांगतो. माझ्या शेजारी एक आजी चालत होत्या, अनवाणी, हातात पुठ्ठ्याचा बोर्ड. मला म्हणाल्या, बाळा, काय लिवलंय रे ह्याच्यावर, सकाळपासून धरून चाललेय मी. मी वाचून दाखवलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ. म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं. मग त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत विचारलं, यातलं बाबासाहेब कुठलं? मी दाखवलं. त्यानंतर त्यांनी तो बोर्ड असा धरला की अंगठा त्या अक्षरावर येऊ नये. पार पोलिसांच्या गाडीत चढेपर्यंत तसाच.

गाडीत दाटीवाटीने बसलो तेव्हा मी मित्राला सांगितलं की मागच्या वर्षी त्या मोर्चात मी होतो. वर्षभर ते गळ्यात अडकलं होतं. तो म्हणाला, माहिताय मला, आमच्या गेटवरूनच गेला होता तो, तुला बघितलं मी. मी म्हटलं मग बोलला का नाहीस. तर म्हणाला, तू दाखला घेऊन आला होतास ना, म्हटलं सांगेल तो आपण होऊन. आणि थोडा सरकला, मला नीट टेकता येईल एवढी जागा करून दिली.

नाव लागायला १९९४ उजाडलं. १४ जानेवारी, संक्रांतीचा दिवस. तेही नामांतर नाही, नामविस्तार, मराठवाडा शब्द ठेवून. मला अजून वाटतं की ठरावाला साडेपंधरा वर्षं वाट बघायला लावणं हा अन्यायच होता, त्यासाठी माणसं गेली, घरं गेली. आम्ही दोघं त्या दिवशी गेटवर होतो. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत, खांद्यावर बसून तिने कमानीवरचं नाव एकेक अक्षर जोडत वाचलं, आंबेडकरमधल्या बे ला अडली.

हेडसर आता नाहीत. नवीन बिल्डिंगमध्ये ऑफिस हलवताना जुने कागद निघतील, तर माझी कमिटीला हात जोडून विनंती आहे, ते जनरल रजिस्टर रद्दीत जाऊ देऊ नका. वाळवी लागली असेल तर मला फोन करा, बाइंडिंगचा खर्च मी देतो, आणि पानं कोरडी करायला, जुळवायला बसायचं असेल तर आम्ही दोघंही येतो. तो म्हणालाय, या वेळी मी वाचतो, तू लिही.