रडारवर पाऊस फिका, टेरेन गायब: तक्रारीपासून चाचणीपर्यंत, माझा अनुभव

विमानाच्या तक्रारवहीत वैमानिकानं लिहिलेली एकच ओळ असते: 'वेदर रडारवर पाऊस फिका दिसतो, उजव्या कडेला सतत जमीन येते, टेरेन अधूनमधून जातं.' ही एक तक्रार नाही, तीन आहेत, आणि तिन्हींची मुळं विमानात तीन वेगळ्या जागी असतात. पावसाचं चित्र त्या क्षणी मोजलेलं असतं. डोंगरांचं, म्हणजे टेरेनचं, चित्र संगणकात आधीच साठवलेलं असतं आणि विमानाच्या जागेनुसार काढलं जातं. दोन्ही एकाच पडद्यावर, जवळजवळ सारख्याच रंगांत दिसतात, म्हणून ती एकाच खोक्यातून येतात असं समजलं जातं. तिथूनच सुटे भाग विनाकारण बदलायला सुरुवात होते.

पॅनेल उघडण्याआधी मी वैमानिकाला विचारतो: उंची किती होती, रेंज (पडद्यावर किती दूरपर्यंतचं दिसतं ते) किती, टिल्ट (अँटेनाचा वर-खाली कल) किती अंश, गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कॅलिब्रेटेडवर होता की हाताने बदललेला, विमान सरळ होतं की वळणात, आणि चित्र दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर तसंच होतं का? जोड-रडारच्या विमानात ट्रान्सीव्हर (लहर पाठवणारं आणि परत घेणारं खोकं) दोन असले तरी अँटेना बहुधा एकच असते. दोन्ही ट्रान्सीव्हर आळीपाळीने लावूनही चित्र फिकंच असेल, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात शोधायचा: अँटेना, वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची नळी), रेडोम (अँटेनावरचं विमानाच्या नाकाचं आवरण). एकाच पडद्यावर फिकं असेल तर तो पडदा किंवा त्याकडे जाणारी वायर.

टिल्टचा आकडा मी आग्रहानं मागतो, कारण फिक्या पावसाचं कारण कित्येकदा तिथंच सापडतं. एक अंश टिल्टमुळे दर नॉटिकल मैलाला साधारण १०० फुटांचा फरक पडतो. विमान ३६,००० फुटांवर, ढग ६० मैलांवर आणि त्याचा ओला गाभा २०,००० फुटांवर असेल, तर १६,००० भागिले ६,०००, म्हणजे किरण सुमारे पावणेतीन अंश खाली हवा. पृथ्वीची वक्रता यात धरलेली नाही. टिल्ट शून्यावर असेल तर किरण ढगाच्या गोठलेल्या माथ्यावरून जातो. बर्फाचे कण तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबांच्या जवळजवळ एक पंचमांशच परत पाठवतात. अशा वेळी यंत्र चोख असूनही पडदा हिरवाच राहतो.

अँटेनाचा आकारही विचारात घ्यावा लागतो. ३० इंची सपाट अँटेनाचा किरण सुमारे साडेतीन अंशांचा, १२ इंचीचा सुमारे आठ अंशांचा. ८० मैलांवर पहिला २८,००० फूट पसरतो, दुसरा ६४,००० फूट. छोट्या विमानाच्या रडारकडून मोठ्या विमानाच्या चित्राची अपेक्षा ठेवून आलेली तक्रार दुरुस्तीनं मिटत नाही, ती समजावूनच सांगावी लागते.

मग सेल्फ-टेस्ट. रंगांचे पट्टे नीट आले की बरेच जण तिथंच थांबतात. पण हा नमुना ट्रान्सीव्हर स्वतःच तयार करतो. वायर आणि पडदा ठीक आहेत एवढंच त्यातून कळतं. लहर रेडोममधून बाहेर गेली का, परत आली का, याबद्दल तो नमुना काहीच सांगत नाही.

रेडोमबद्दल मला पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं, कारण रडारच्या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. या रडारची लहर सुमारे ३.२ सेंटिमीटरची, म्हणजे एक्स बँडची. भिंतीची जाडी तिच्याशी जुळवलेली असते. वरून रंगाचा एक थर वाढला, गारेच्या माराचा खड्डा फिलरनं भरला, आतल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्यात पाणी शिरलं, की लहर तिथं अडते. आणि ती दोनदा अडते, जाताना आणि येताना. आरटीसीए या अमेरिकी मानक-संस्थेच्या डीओ-२१३ मानकात रेडोमच्या श्रेणी आहेत: ए श्रेणीत सरासरी ९० टक्के पारगमन (लहर आरपार जाणं), ई श्रेणीत ७० टक्के. सत्तर टक्के बरे वाटतात, पण दोन फेऱ्यांचा गुणाकार ४९ टक्के येतो, म्हणजे सुमारे ३ डेसिबल गेले. परत आलेल्या लहरीचा जोर डेसिबलमध्ये मोजतात, आणि पडद्यावर ढोबळमानानं १० डेसिबलला एक रंग बदलतो: २० पासून हिरवा, ३० पासून पिवळा, ४० पासून लाल. ४२ चा ढग ३९ चा दिसू लागला की लाल जाऊन पिवळा उरतो. वैमानिक त्या पिवळ्यावर विसंबून वळण घेणार असतो, हे हातात अवजार घेताना विसरायचं नाही.

मी रेडोमवर मेणपेन्सिलीनं चौकटी आखतो आणि मॉइश्चर मीटर प्रत्येक चौकटीत टेकवून आकडा टिपतो. चार-पाच चौकटींत आकडा अचानक चढला तर पाणी तिथं आहे. मग त्याच जागी नाण्यानं हलकेच ठोकून ऐकायचं. शाबूत भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या थराचा बद्द. पडणारी वीज वळवण्यासाठी रेडोमवर लावलेल्या पट्ट्यांच्या कडेला सुईच्या टोकाएवढी जळालेली छिद्रं शोधतो. स्थिर विजेनं पडलेल्या अशाच छिद्रांतून पाणी आत जातं, उंचीवर गोठतं, फुगतं आणि थर सोडवतं. नुसतं छिद्र बुजवून पाणी आत कोंडणं हा सर्वांत वाईट उपाय. आधी वाळवायचं, मग दुरुस्ती, आणि रडारच्या वाटेतली दुरुस्ती असेल तर पारगमनाची चाचणी. धातूचे कण असलेला रंग रेडोमवर कधीही चालत नाही.

ट्रान्सीव्हर अँटेनापासून दूर असेल तर मध्ये वेव्हगाइड असतं. एक्स बँडच्या डब्ल्यूआर-९० नळीचं आतलं माप २२.८६ गुणिले १०.१६ मिलिमीटर. शेजारचं काम करताना बसलेला लहानसा पोचाही तिथं महाग पडतो. फ्लँजचे स्क्रू सैल आहेत का, गॅस्केट चिमटलंय का, आत पाणी साचलंय का, तांब्याच्या गंजासारखे हिरवट किंवा पांढरे डाग आहेत का, हे पाहतो. नव्या काही रडारमध्ये ट्रान्सीव्हर अँटेनाच्या मागेच बसतो, तिथं ही कटकट नाही. अँटेनाच्या सपाट पाटीवरच्या फटींवर रंग किंवा सीलंट लागलेलं नको.

जमिनीवर रडार सुरू करण्याआधी समोर माणूस नाही, इंधन भरणं चालू नाही, आणि नाकासमोर हँगरची भिंत किंवा दुसरं विमान नाही, याची खात्री स्वतः चालत जाऊन करायची. अंतरं त्या विमानाच्या मॅन्युअलमधली. धातूच्या मोठ्या पृष्ठभागावरून परत आलेली जोरकस लहर रिसीव्हर जाळू शकते.

उजव्या कडेच्या जमिनीचा मामला स्टॅबिलायझेशनचा. विमान कललं तरी अँटेनानं क्षितिजाशी समांतर फिरावं यासाठी तिला पिच (नाकाचा वर-खाली कल) आणि रोलची (डावी-उजवीकडचा कल) माहिती मिळत असते. रोलमध्ये एका अंशाची चूक असेल तर ८० मैलांवर थेट बाजूला किरण ८,००० फूट खाली जातो, आणि त्या बाजूला जमीन उमटते. इथं ट्रान्सीव्हर बदलून काही होत नाही. अँटेनाचा माउंट बल्कहेडवर (नाकामागच्या आडव्या भिंतीवर) सरळ बसलाय का, अलीकडे अँटेना काढली होती का, शिम (खाली घालायची पातळ चकती) राहून गेली का, ते आधी. मग रोलचा सिग्नल. जुन्या व्हर्टिकल जायरोच्या विमानांत लांबलचक वळणानंतर थोडा वेळ चित्र कललेलं राहतं. सरळ उड्डाणात ते आपोआप सावरलं तर दोष जायरोच्या बाजूचा. नक्की तपासणी हवेतच होते: सपाट प्रदेशावर विमान सरळ ठेवून जमिनीचं वर्तुळ दिसेपर्यंत टिल्ट खाली आणायचा आणि डावी-उजवी अंतरं समान आहेत का ते पाहायचं.

आणखी एक गोष्ट मी वैमानिकांना प्रत्येक वेळी सांगतो. लाल पट्ट्याच्या मागे काळं दिसलं तर ते मोकळं आकाश नव्हे. पुढच्या पावसानं लहर गिळली की मागचं वादळ दिसतच नाही. ४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजचं २४२ क्रमांकाच्या उड्डाणाचं डीसी-९ विमान वादळात शिरलं, पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली. वादळातून वाट काढायला विमानातल्या रडारवर विसंबणं हे अमेरिकी तपासात अपघाताला हातभार लावणारं एक कारण म्हणून नोंदलं गेलं.

आता टेरेन. ईजीपीडब्ल्यूएसच्या, म्हणजे जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या, संगणकाला लहर पाठवायची गरज नसते. त्याला जागा लागते, उंची लागते, दिशा लागते आणि भूभागाचा डेटाबेस. तो आपलं चित्र रडारसारखंच एरिंक ४५३ बसवरून (विमानातल्या डेटाच्या ठरावीक वायरवरून) पडद्याला देतो, आणि एका पडद्यावर एका वेळी बहुधा दोनपैकी एकच दिसतं. म्हणून डोंगराळ भागात एका बाजूला रडार, दुसऱ्या बाजूला टेरेन ठेवतात. टेरेन अधूनमधून जात असेल तर पहिला प्रश्न: संदेश बिघाडाचा होता की 'तात्पुरतं उपलब्ध नाही' असा? दुसरा असेल तर जीपीएसच्या जागेची अचूकता घसरली असणार. तेव्हा संगणकाला हात न लावता जीपीएसची अँटेना आणि तिची केबल बघावी. संदेश काहीच नाही आणि चित्र फक्त एका पडद्यावरून जातं, तर निवड करणारा रिले किंवा बसची वायर.

संगणकाच्या पुढच्या बाजूला दिवे असतात: संगणक ठीक, संगणक बिघडला, बाहेरचा दोष. 'बाहेरचा दोष' लागला असताना संगणक काढून नवा बसवणं म्हणजे वेळ वाया. तिथंच हेडफोन लावून सेल्फ-टेस्टच्या पायऱ्या ऐकता येतात. दुसऱ्या पायरीत सध्याचे दोष, तिसरीत सॉफ्टवेअर, विमानप्रकार आणि डेटाबेसची आवृत्ती, चौथीत मागच्या दहा उड्डाणांतले दोष. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाला चौथी पायरीच पकडते. डेटाबेस कार्डानं भरताना 'पूर्ण' दिवा लागेपर्यंत कार्ड ओढायचं नाही, वीज घालवायची नाही, आणि नंतर तिसरी पायरी पुन्हा ऐकून आवृत्ती जुळवायची. डेटाबेस जुना राहिला आणि त्यात नवी धावपट्टी नसली, तर उतरणारं विमान संगणकाला उघड्या जमिनीकडे जाताना दिसतं आणि 'टू लो, टेरेन' असा इशारा येतो.

शेवटच्या चाचणीत दोन्ही पडदे टेरेनवर लावून टेस्ट दाबतो. नमुना दोन्हीकडे यायला हवा, इशारे स्पीकरवर ऐकू यायला हवेत. मग दोन्ही पडदे रडारवर ठेवून पुन्हा टेस्ट, कारण खऱ्या इशाऱ्यात टेरेन आपोआप वर येतं, आणि ती आपोआपची वाट वेगळ्या वायरीतून जाते. टेरेन इनहिबिट हे बटण दाबून साठवलेल्या भूभागावरचे इशारे थांबतात याची नोंद करतो. रेडिओ अल्टिमीटरवर (जमिनीपासूनची उंची लहरीनं मोजणाऱ्या यंत्रावर) चालणारे मूळचे पाच मोड, म्हणजे इशाऱ्यांचे प्रकार, त्यानं बंद होत नाहीत, आणि हेही वैमानिकाला सांगून ठेवतो. रेडोमच्या चौकटींचे आकडे कामाच्या कागदाला जोडतो, म्हणजे पुढच्या तपासणीत कुठली चौकट चढली ते लगेच कळतं.