कोऱ्या पानाची भीती

सोनाटांचं पुस्तक घ्यायचं म्हणजे काय, बीथोव्हेनचे ३२ सोनाटा आहेत, म्हणजे पियानोवर वाजवायच्या अनेक भागांच्या मोठ्या रचना, दोन जाड भाग असतात, घ्यायचे आणि बसायचं वाजवायला, असं मला वाटायचं. मग एकदा कळलं की तोच सोनाटा पाच जणांनी छापला तर पाच वेगळे दिसतात, आणि तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच.

मी शिकले ते एका जुन्या, कडा पिवळ्या पडलेल्या पुस्तकावरून. त्यात मोझार्टचा तो सगळ्यांना येणारा सी मेजर सोनाटा होता, के. ५४५ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). प्रत्येक ओळीत काही ना काही सूचना, इथे हळूहळू आवाज वाढवा, इथे एकदम कमी करा, आणि सूर जोडून वाजवा म्हणून सांगणाऱ्या स्लरच्या लांबच लांब कमानी. त्यातला एक क्रेशेंडो, म्हणजे हळूहळू वाढवायचा आवाज, मी नीट करत नाही म्हणून मॅडमची बोलणी किती खाल्ली असतील याची गणतीच नाही. बऱ्याच वर्षांनी उर्टेक्स्ट एडिशन हातात आली, उघडून बघते तर क्रेशेंडो गायब! नुसता तोच नाही, आवाजाच्या बाबतीत अख्ख्या पानावर जवळपास काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी बोलणी खाल्ली ती कुठल्यातरी संपादकाच्या हौसेपायी.

उर्टेक्स्ट म्हणजे मूळ पाठ. संगीतकाराचं हस्तलिखित, त्याच्या हयातीतल्या छापील प्रती, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून पाठभेद तपासायचे आणि मधल्या काळात इतरांनी घातलेली भर काढून टाकायची. म्युनिकच्या हेन्ले या प्रकाशकाची निळसर करडी पुस्तकं याच कामासाठी प्रसिद्ध, १९४८ पासूनची. व्हिएन्नाच्या प्रकाशकांची लाल, बेरेनरायटर प्रकाशनाची आणखी निराळी. ही भर किती चीड आणणारी असते ते बीथोव्हेनला विचारावं. त्याच्या ओपस ३१ चा, म्हणजे ३१ क्रमांकाने छापलेल्या संचातला, पहिला सोनाटा १८०३ मध्ये झ्युरिकच्या नेगेली नावाच्या प्रकाशकाने छापला आणि पहिल्या भागाच्या शेवटाकडे स्वतःच्या पदरचे चक्क चार बार, म्हणजे तालाची चार घरं, घुसडले. त्याला तिथे काहीतरी तोकडं वाटलं असणार. बीथोव्हेनचा शिष्य रीस ती छापील प्रत वाजवून दाखवत होता, त्या चार बारांपाशी गुरुजी ताडकन उठले आणि असं कुठे लिहिलंय म्हणून ओरडले, तर ते खरंच तिथे लिहिलेलं, म्हणजे छापलेलं होतं. मग चुकांची यादी झाली आणि दुसऱ्या प्रकाशकाने ‘अतिशय अचूक आवृत्ती’ असं वर छापून नवी काढली. अमृताच्या ताटात नरोटी म्हणतात ती हीच.

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल की मग उर्टेक्स्ट घ्या आणि विषय संपवा. मीही तेच म्हणत होते. पण त्या के. ५४५ चंच बघा ना, मोझार्टने तो १७८८ मध्ये लिहिला, तो गेला १७९१ मध्ये, छापला गेला १८०५ मध्ये आणि हस्तलिखित हरवलेलं. आता यात मूळ पाठ कुठला धरायचा? के. ३३२ च्या संथ भागात तर उलटाच घोळ आहे, हस्तलिखितात धून परत येते ती साधीच, आणि १७८४ च्या छापील प्रतीत तीच नटूनथटून येते. चांगल्या एडिशन दोन्ही छापतात, वर एक ओळ, खाली एक, घ्या तुम्हाला हवी ती. मला हा प्रामाणिकपणा आवडतो, पण वाजवायला बसल्यावर डोळे दोन असले तरी बघणार एकाच ओळीकडे, आणि बोट घसरतं ते नेमकं तेव्हाच.

बीथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाचंही तेच, सुरुवातीला सरळ लिहिलंय की सगळा भाग ‘सेन्झा सोर्दिनो’ वाजवायचा. सोर्दिनो म्हणजे इथे तारांचा नाद थांबवणारे डॅम्पर, ते नकोत, म्हणजे उजवं पेडल दाबलेलंच. त्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरायचा, तिथे ते चालून जायचं, आजच्या पियानोवर अक्षरशः पाळलं तर सगळ्या सुरांची खिचडी होते. उर्टेक्स्ट छापून मोकळी होते, जुना संपादक निदान पेडल कुठे सोडायचं ते खुणा करून सांगायचा. चुकीचं का होईना, पण सांगायचा.

श्नाबेल या पियानोवादकाची बीथोव्हेनच्या सोनाटांची १९२० च्या दशकातली एडिशन तर मी फक्त वाचायला घेतली. वाजवायला नको, अहो तळटीपा इतक्या की काही पानांवर सूर कमी आणि टीपा जास्त, दर काही बारांनी वेग बदलायचे आकडे, आणि फिंगरिंग, म्हणजे कुठला सूर कुठल्या बोटाने ते, असं की पहिल्यांदा वाटतं माणूस चेष्टा करतोय. मग तीच बोटं वापरून बघितली की कळतं, ती सोयीसाठी दिलेलीच नाहीत, मुद्दाम हात उचलायला लावतात म्हणून तिथे वाक्य तुटतं. चार ओळी वाजवायला अर्धा तास गेला, पण एका मोठ्या वादकाच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं.

बाकी कागद, बांधणी वगैरे छोट्या गोष्टी म्हणतात लोक, पण पुस्तक स्टँडवर उघडं राहत नसेल तर त्यातलं संशोधन घेऊन काय करायचंय. एक पुस्तक मी क्लिपा लावून वापरलं, शेवटी पाठीतून फाटलं. पान उलटायची जागा चुकलेली असली तर बीथोव्हेनच्या हॅमरक्लाव्हिअर सोनाटाचा तो मिनिटाला १३८ ठोक्यांचा वेग सोडाच, त्याच्या निम्म्यानेही निभत नाही.

अखेर निळं करडं घेतलं. पहिला आठवडा त्यावर रेघ ओढायची नाही असं ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी पेन्सिल काढली. चौथं बोट इथे, श्वास तिथे, एका जागी थोडा मोठा आवाज. परवा भाची आली, तिने तेच पुस्तक उघडून के. ५४५ वाजवायला घेतला आणि मी लिहिलेल्या जागी मन लावून आवाज वाढवला, जुना क्रेशेंडो अगदी जसाच्या तसा.

मी म्हटलं, ‘अगं, ते मोझार्टचं नाहीये.’

‘मग कोणाचंय, मावशी?’ ती म्हणाली, आणि मी खोडरबर शोधायला लागले.