मंडळीच्या वडिलांना बोलवायचं, पण कोणत्या?

"येशूवर विश्वास आहे, बायबल वाचतो, प्रार्थना करतो. मग एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव असायलाच हवं, असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मन कुठल्यातरी मंडळीतच दुखावलेलं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

'प्रत्येक विश्वासणाऱ्याने सभासद व्हावं' अशी ओळ बायबलच्या नव्या करारात नाही. मीही ती शोधली होती, आणि सापडली नाही याचा मला तेव्हा आनंदच झाला होता. ज्या मंडळीत मी लहानाचा मोठा झालो, तिथे पदांवरून भांडणं झाली, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि मी बाहेर पडलो. पुढची तीन वर्षं दर रविवारी घरीच बसून फोनवर उपदेश ऐकले. उपदेश चांगले असत. आपलं काही अडत नाही, असं वाटायचं.

मग आजारी पडलो. अंथरुणावर याकोबाचं पत्र वाचताना ५:१४ पाशी थांबलो. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बोलवायचं कोणाला? ज्यांचे उपदेश मी ऐकत होतो, त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. इतकी साधी आज्ञा, आणि ती पाळायला माझ्याजवळ माणसंच नव्हती.

तेव्हापासून मी ती ओळ शोधणं सोडलं आणि प्रत्येक आज्ञेपाशी एकच विचारू लागलो: हे मला एकट्याने पाळता येईल का? इब्री लोकांस पत्र १३:१७ सांगतं की आपल्या पुढाऱ्यांचं ऐका, कारण ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्याचा हिशेब देणार आहेत. हिशेब कोणाचा? जगातल्या सगळ्या ख्रिस्ती माणसांचा तर नाही. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना 'सगळ्या कळपाकडे लक्ष द्या' असं बजावतो (प्रेषितांची कृत्ये २०:२८), तेव्हा त्या कळपात कोण कोण आहे हे त्यांना माहीत असणारच.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ५:९ मला फार प्रिय आहे. साठ वर्षांखालच्या विधवेचं नाव मंडळीतल्या विधवांच्या यादीत घेऊ नये, असं तिथे सांगितलंय. किती व्यवहारी वचन आहे हे! पण त्यामागे काय आहे ते पाहा. एकटी पडलेली म्हातारी कोण, तिला मुलंनातवंडं आहेत का, तिची जबाबदारी कोणावर, हे सगळं त्या मंडळीने बसून ठरवायचं होतं. एकमेकांना ओळखत नसलेल्या माणसांना हे जमत नाही.

करिंथच्या मंडळीतला प्रसंग अवघड आहे. बापाच्या बायकोबरोबर राहणाऱ्या माणसाला आपल्यातून काढून टाका, असं पौल लिहितो (१ करिंथ ५). बाहेर काढायचं तर माणूस आधी आत असावा लागतो. दुसऱ्या पत्रात, पुष्कळांनी मिळून शिक्षा दिलेल्या एका माणसाबद्दल तो म्हणतो, आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. माझ्या मते दुसरा भाग विसरून पहिलाच वापरणाऱ्यांनी फार माणसं तोडली.

तुमच्या दुखावलेल्या मनाला हे पुरेसं नाही, हे मला कळतं. पण वाईट पुढारी नव्या करारालाही ठाऊक आहेत. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस पहिला मान हवा म्हणून माणसांना मंडळीबाहेर घालवतो. योहान त्याचं नाव घेऊन दोष दाखवतो. पण ज्याला हे पत्र लिहिलंय त्या गायसाला 'मंडळी सोड' म्हणत नाही, वाइटाचं अनुकरण करू नको म्हणतो. अर्थात जिथे तुमच्यावर अत्याचार होतोय तिथून निघाच. ती मंडळी सोडणं म्हणजे मंडळीच सोडणं नव्हे.

येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर कुठल्याही मंडळीत न जाता तारला गेला, त्याचं काय, असंही विचारतात. तारण कृपेने होतं, यादीतल्या नावाने नाही, यात शंकाच नाही. पण त्याच्याजवळ काही तासच उरले होते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शौल, म्हणजे पुढचा पौल. आधी तो येशूच्या शिष्यांचा छळ करायचा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर खुद्द प्रभू त्याला भेटला होता. कोणाला मंडळीशिवाय चाललं असतं, तर त्याला. तरी यरुशलेमात आल्यावर तो शिष्यांमध्ये मिसळायची धडपड करतो, आणि ते त्याला घाबरतात, हा शिष्य आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नाही (कृत्ये ९:२६). मग बर्णबा त्याला जवळ करून प्रेषितांकडे नेतो. मी दुसऱ्या एका मंडळीत पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा दारातूनच परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा एका ओळखीच्या माणसाला सोबत नेलं. तुम्हीही पहिल्या रविवारी एकटे जाऊ नका. कोणी नसेल तर मला सांगा, मी येतो.