एप्रिलची तुती

तुती हे दुकानात न मिळणारं फळ आहे. अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या बाजारात बाकी सगळं मिळतं. भर थंडीत चिलीची द्राक्षं येतात, हंगामात आपला आंबा विमानाने येतो, भाव विचारायची छाती असली म्हणजे झालं. पिकलेली तुती मात्र नाही म्हणजे नाहीच. ना धड साल, ना आठळी, सगळा कारभार रसाचा. तोडली की पाझरायला लागते, फ्रिजमध्ये ठेवली तरी दोन दिवसांत तिची रया जाते. असलं फळ ट्रकमध्ये चढवणार कोण? ज्याला खायचंय त्याने झाडाखाली उभं राहावं. आणि झाड नसेल तर लावावं.

आम्ही लावलं ते फिनिक्सजवळच्या चँडलरला, घरामागच्या मोकळ्या जागेत. हा सगळा सोनोरन वाळवंटाचा मुलूख. वर्षाचा पाऊस सात इंचांच्या आसपास, कोकणात आषाढात एखाद्या दिवशी कोसळतो तेवढा. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला टेकला किंवा ओलांडून गेला. हे सांगितलं की चंद्रपूर-अकोल्याकडचे मित्र हसतात. "एवढंच? आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस असतं!" असतं ना. पण त्यांच्याकडे मृग लागतो आणि सुटका होते. इथे सप्टेंबरपर्यंत सुटका नाही, आणि त्या जुलैत तर कित्येक रात्री पारा ३२ च्या खालीसुद्धा आला नाही. माणूस एसीत बसतो. झाडाने कुठे जायचं?

तुतीने यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. ऊन यायच्या आत कामं उरकून घ्यायची. फेब्रुवारी सरता सरता डोळे फुटतात, कोवळ्या पाल्याबरोबरच फळं धरतात, एप्रिलभर पिकत राहतात आणि मे संपेपर्यंत खेळ खलास. झळा सुरू होतात तेव्हा झाडावर उरतो तो नुसता पाला. सफरचंदाला किंवा चेरीला हिवाळ्यात थंडी मोजून द्यावी लागते, तुतीचे तसले नखरे नाहीत.

आमच्या झाडाच्या चिठ्ठीवर जातीचं नाव होतं 'पाकिस्तान'. इथल्या वाळवंटी परसांत हीच जात सगळ्यांची लाडकी. फळ बोटाएवढं लांब, तीन इंचांपर्यंत सहज जातं आणि काळंभोर होईपर्यंत धीर धरला तर आंबटपणा नावाला उरतो. नर्सरीत बायकोने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे नाव नागपुरात कळवू नकोस."

गंमत अशी की या भागात तुतीची झाडं जुनीच आहेत, पण ती नर. जुन्या वस्त्यांमध्ये सावलीसाठी ती रांगेने लावली. फळ नाही, त्यामुळे फरशीवर जांभळे डाग नाहीत, मोटारी स्वच्छ. नर झाड फळ देत नसलं तरी पराग देतं, आणि कसा देतं! या पांढऱ्या तुतीचे पुंकेसर ताणलेल्या स्थितीत दबा धरून बसलेले असतात. फूल सुकलं की ते उसळतात आणि सेकंदाच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागात पराग भिरकावतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं, तेव्हा वेग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त भरला. वनस्पतींच्या जगात त्याहून चपळ हालचाल तोवर नोंदली गेली नव्हती. परिणाम काय, तर अख्ख्या गावाला शिंका. लास व्हेगास ज्या काउंटीत येतं तिने १९९१ मध्ये नव्या नर तुतीवर बंदी घातली, टेक्सासातल्या एल पासोने त्याच सुमारास तेच केलं, आमच्याच राज्यातल्या टूसॉनकडेही तिची विक्री बंद आहे. डाग नकोत म्हणून लोकांनी शिंका विकत घेतल्या. माझं स्पष्ट मत आहे की डाग परवडले.

लावणं मात्र हातघाईचं काम होतं. इथे हातभर खाली 'कॅलिची' लागतं. चुनखडीचा थर, दिसायला मुरूम, पण पहार मारली की ठिणगी उडेल असं वाटतं. तो फोडल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण वर घातलेलं पाणी त्याच्यावर साचतं आणि मुळं कुजतात. खड्डा भरून पाणी ओतायचं, दुसऱ्या दिवशी तसंच दिसलं तर पुन्हा पहार. पुढे पाला पिवळा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याचं मूळही हा चुनाच. लोह मातीत असतंच, पण अशा अल्कधर्मी जमिनीत ते झाडाला उचलता येत नाही, मग चिलेटेड, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह द्यावं लागतं. मराठवाड्यात चुनखडीच्या रानात मोसंबी लावणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

खोडाला रंग देतात हे मला इथे येऊन कळलं. घराच्या भिंतीला लावायचा साधा पांढरा लॅटेक्स, त्यात निम्मं पाणी. पश्चिमेचं ऊन खोडावर पडलं की साल भाजते, फुटते आणि त्या भेगेतून काळी बुरशी आत शिरते. फांदी वाळते, साल सुटून खाली काजळीसारखा थर दिसतो. एकदा लागण झाली की ती फांदी कापण्याला पर्याय नाही. म्हणून रंग. शिवाय खालच्या फांद्या ठेवायच्या. झाडाला लवकर 'माणसात आणायचं' म्हणून बुंधा उघडा करणारे लोक मला बघवत नाहीत.

पाण्याचं गणित वेगळं. ठिबकची नळी बुंध्याशी टाकून चालत नाही. आळं फांद्यांच्या घेराइतकं हवं, वर लाकडाच्या ढलप्यांचं जाड आच्छादन, आणि पाणी हात-दीड हात खोल उतरेल असं, दमाने. रोज थोडं थोडं पाजलं तर मुळं वरच लोळत राहतात आणि जूनमध्ये भाजून निघतात. शेजारच्या मेसा शहराच्या जुन्या भागातल्या एका मित्राला हा ताप नाही. त्याच्याकडे चक्क पाटाचं पाणी आहे. सॉल्ट नदीच्या धरणाचं पाणी कालव्यांनी येतं, पाळी लागते आणि अख्खं अंगण भरून निघतं. १९११ साली पुरं झालेलं रूझवेल्ट धरण त्यामागे आहे, आणि काही कालवे तर इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या चरांच्या वाटेनेच गेलेत. पाळी रात्री दोनलाही येते. संगणकात डोकं घालून बसणारा हा माणूस तेव्हा गमबूट घालून दारं धरायला बाहेर पडतो. त्याच्या सांगली जिल्ह्यातल्या आजोबांनी जन्मभर जे केलं, तेच.

माझे सासरे बीडकडचे. त्यांच्या रानात तुती आहे, पण ती रेशमाच्या किड्यांसाठी. फळ धरायची वेळ येण्याआधीच फांद्या कापून संगोपनगृहात जातात. पाला, अंडीपुंज, कोष, जालन्याच्या बाजारातला भाव, तुतीबद्दल बोलायचं ते एवढंच. व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं तर म्हणाले, "जावईबापू, पाला लई दांडगा आलाय की! आन् तुमी निस्ती फळं खाताय?" वाया जाणाऱ्या पाल्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

फळं मला एकट्याला मिळतात असंही नाही. मॉकिंगबर्ड पहाटेच हजर. त्यांच्यामागून पिवळसर हिरव्या अंगाचे, गुलाबी तोंडाचे लव्हबर्ड, मूळचे आफ्रिकेतले, पिंजऱ्यातून सुटून फिनिक्समध्ये स्थायिक झालेले. त्यांना हाकलायचा अधिकार मला, म्हणजे एच-वनबी व्हिसावर आलेल्या माणसाला, आहे असं वाटत नाही. वरच्या फांद्या त्यांच्या, हाताला येतील त्या आमच्या. जाळी टाकत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये दोन घरं पलीकडचे अफगाण गृहस्थ वाटी घेऊन आले. झाडाखाली उभे राहून त्यांनी निवांत खाल्ल्या, बोटं पुसली आणि निकाल दिला की काळी ठीक आहे, पण तुती ती पांढरीच. त्यांच्याकडे ती वाळवून अक्रोडाबरोबर कुटतात आणि ते तल्खान हिवाळाभर पुरतं. हिवाळ्यात छाटणीच्या वेळी मी त्यांना आमच्या झाडाच्या काड्या दिल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या. तुतीची काडी सहसा दगा देत नाही. आठवडाभरात ते परत आले, हातात कुंडी, कुंडीत मूळ धरलेली पांढरी तुती. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आता तिला जागा कुठे द्यायची यावर घरात चर्चा सुरू आहे. भिंतीजवळ नको, मुळं पाया शोधतात, नळांजवळ तर नकोच. बायकोचं म्हणणं, पोहण्याचा हौद बुजवा, तसंही जुलैत त्यातलं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम असतं.