पायावरच्या पुळ्या, काळ्या चहाची लघवी

भाच्याची लघवी काळ्या चहासारखी, सकाळी पापण्या सुजलेल्या. ताईला मुतखड्याची शंका. मी लॅबवाली; आधी त्याच्या पायावरच्या खपल्या बघितल्या. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या पुळ्यांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी मूत्रपिंडाला अशी सूज येऊ शकते.

जंतू मूत्रपिंडात शिरलेले नसतातच! त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं गाळणाऱ्या केशवाहिन्यांत अडकतात, तिथं कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा संच) जागं होतं, त्यातला सी५ए पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो. अस्तर सुजतं, वाट अरुंद होते, गाळणं मंदावतं. शिवाय जखमी भिंतीतून तांबड्या पेशी निसटतात. तुंबणं आणि गळणं एकदमच.

लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचे नळीसारखे साचे दिसले. रक्तातला सी३, कॉम्प्लिमेंटचाच एक घटक, अपेक्षेप्रमाणे खाली. बहुतेकांचा सी३ ६ ते ८ आठवड्यांत सुधारतो. तोवर रक्तदाबावर लक्ष, मीठ कमी. पापडावरून मात्र रोज भांडण.