पेपर, दोरा आणि काळी पिशवी

म्हापशाच्या बाजाराकडे उतरताना एक जुनी फार्मासी होती. मेडिकल स्टोअरला आम्ही गोव्यात अजून फार्मासीच म्हणतो. तिथल्या म्हाताऱ्या मालकांच्या हातात जादू होती. सॅनिटरी पॅडचा पुडा मागितला की ते आधी डावी-उजवीकडे बघायचे, मग काउंटरखाली वाकायचे. वर यायचे तेव्हा त्यांच्या हातात पुडा नसायचाच, असायचं पेपरात गुंडाळलेलं चौकोनी काहीतरी. छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून त्यावर दोन वेढे, एक गाठ, आणि दोरा दातांनी नव्हे, बोटाच्या एका झटक्यानं तोडलेला. मिठाईच्या दुकानातही इतकं नीटस बांधून कुणी दिलं नसेल. पुढे दोऱ्याच्या जागी काळी पिशवी आली आणि ती कला गेली.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आई मला चिठ्ठी देऊन पाठवायची. चिठ्ठीत अमृतांजन, डेटॉल, आणि सगळ्यात खाली ‘के. १’. के म्हणजे केअरफ्री. मालक चिठ्ठी वाचायचे, पहिल्या दोन गोष्टी मोठ्यानं उच्चारायचे आणि तिसऱ्या ओळीपाशी खोकायचे.

हे गुंडाळणं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चमत्कारिक आहे हे कळायला वेळ लागला. कळलं ते एका मे महिन्यात. पुडा घरी आणून दोरा सोडला, तर आतला पेपर होता शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा. होमकुंडातून जाणारे धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, त्यांच्या हातातल्या वेताच्या काठ्या, आणि कोपऱ्यात मोगऱ्याच्या कळ्यांनी झाकलेला देवीचा कळस. आई पाहतच राहिली. घरात बाई ‘भायर’ असली की देवळाची पायरी चढायची नाही, देवघराकडे फिरकायचं नाही, आणि इथं देवी स्वतः त्या पुड्याला कवटाळून कदंबच्या बसमधून आमच्या घरी आलेली. आईनं कात्री आणली. फोटो अलगद कापला, हातानं सरळ केला, कुठे ठेवावा ते तिला सुचेना. देवघरात ठेवता येईना आणि कचऱ्यात टाकता येईना. शेवटी तो माझ्या भूगोलाच्या पुस्तकात गेला. वर्षभर गोव्याच्या नकाशाशेजारी होता.

आजीला हा प्रश्न कधी पडला नसता, कारण तिच्या वेळी पुडाच नव्हता. जुन्या लुगड्याचे मऊ झालेले तुकडे, घड्या घालून, एका जुन्या ट्रंकेच्या तळाशी. धुवायचे अंधारात, वाळवायचे परकराखाली. उन्हाळ्यात निभायचं. पण जून उजाडला की गोव्यात टॉवेलसुद्धा चार दिवस वाळत नाही, मग हे कुठून वाळणार? आजी न्हाणीत, पाण्याचं भाण तापायचं तिथं, जाळाच्या उबेला ते पसरून ठेवायची आणि घरातले पुरुष आंघोळीला येण्याआधी उचलायची. त्या कापडांना धुराचा वास यायचा म्हणे. ‘धुवून वापरायचं, पैसा लागत नाही’ असं हल्ली कौतुकानं सांगतात तेव्हा मला तो ओलसर, धुरकट जून आठवतो. कौतुक करणाऱ्यांनी एक पावसाळा काढून बघावा.

लपवाछपवीची ही हौस आपलीच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सननं १८९० च्या दशकात ‘लिस्टर्स टॉवेल्स’ नावाचे वापरून टाकायचे पॅड काढले. माल चांगला, पण बायका दुकानात जाऊन मागेनात. मागायचं कसं? दुकानदार पुरुष, मागे रांगेत शेजारी. शेवटी १९२० च्या दशकात कंपनीनं नाव बदलून ‘नुपॅक’ केलं. ज्यातून कशाचाही बोध होत नाही असं नाव, आणि आत काय आहे ते खोक्यावर लिहिलेलंच नाही. आपल्या फार्मासीवाल्यांचा पेपर तिथं छापखान्यातूनच लागून येत होता म्हणायचा.

कोटेक्सची गोष्ट तर युद्धातली. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून कापसापेक्षा जास्त शोषणारी एक वस्तू बनवली होती, सेल्युकॉटन. फ्रान्समधल्या नर्सेसनी ती जखमांसाठी वापरलीच, शिवाय स्वतःसाठीही वापरली. युद्ध संपलं, माल उरला, आणि १९२० मध्ये तो कोटेक्स म्हणून दुकानात आला. बारा पॅडचा डबा साठ सेंट. तोही खपेना. मग दुकानदारांनी एक युक्ती काढली. काउंटरवर डब्यांची चळत आणि शेजारी पैसे टाकायची पेटी. पैसे टाकायचे, डबा उचलायचा, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. देवळातल्या फंडपेटीसारखं, फक्त इथं प्रसाद आपला आपण घ्यायचा.

पण मला सगळ्यात आवडतं ते मोडेसचं, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्याच पुढच्या पॅडचं, कूपन. १९२८ साली मासिकातल्या जाहिरातीतच एक छोटी चौकट छापलेली असे. ती कापायची, दुकानात नेऊन मुकाट्यानं विक्रेत्याच्या हाती द्यायची, की तो मुकाट्यानं डबा देणार. हे वाचलं आणि मला आईची ‘के. १’ आठवली. आईनं ते मासिक कुठून बघितलं असणार! कंपनीनं ज्यासाठी जाहिरातवाले बसवले, ते आमच्या बार्देश तालुक्यातल्या एका बाईनं किराणा वहीच्या पानावर केलं, आणि वर डेटॉलही मागवलं. ह्याच मोडेससाठी १९२७ मध्ये लिलियन गिलब्रेथ नावाच्या अभियंता बाईनं हजारावर स्त्रियांना विचारून अहवाल केला होता. स्वतः बारा मुलांची आई. निदान कुणीतरी विचारलं तरी.

मधले पट्ट्याचे दिवस मी पाहिलेत ते कपाटात लटकलेल्या आईच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यातून. त्याच्या आकड्यांना पॅडची टोकं अडकवायची. मी लहानपणी तो गलोलीसाठी पळवला होता आणि मार खाल्ला होता, कारण मात्र सांगितलं गेलं नव्हतं. असा पट्टा सुधारून त्याचं पेटंट १९५६ मध्ये मेरी केनर ह्या कृष्णवर्णीय बाईनं घेतलं. एका कंपनीला त्यात रस होता, ती काळी आहे हे कळेपर्यंत. पुढे १९६९ मध्ये खाली डिंकाची पट्टी असलेलं स्टेफ्री आलं आणि पट्टा हळूहळू अडगळीत गेला.

नावांची गंमत बघा. केअरफ्री, स्टेफ्री, सगळा मोकळेपणा. आणि जो पुडा अमेरिकेत ‘ऑलवेज’ म्हणून विकतात, तो आपल्याकडे ‘व्हिस्पर’. तिकडं नेहमी, इकडं कुजबूज. टीव्हीवर त्यावर ओतायचं ते निळं पाणी. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं समजत होता की ही शाई टिपायची वस्तू आहे. काय चुकलं त्याचं?

आणि हे सगळं गोव्यात, जिथं फेणीची बाटली काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडतात. बाटलीलाही पेपर गुंडाळतात, पण ती फुटू नये म्हणून.

गेल्या वर्षी कचरा न्यायला येणाऱ्या बाईनं मला फाटकापाशी थांबवलं. ‘बाय, पेपरांत गुटलावन दितात, आमकां कळटा कशें?’ सुक्या कचऱ्यात पेपरची पुडकी येतात. काही मिळेल म्हणून ह्या बायका ती उघडतात आणि हाताला लागतं ते आमचं. आम्ही शेजाऱ्यापासून लपवतो, दुकानातल्या गिऱ्हाइकापासून लपवतो, सासऱ्यांपासून लपवतो. शेवटी ते उघडं पडतं ते जिच्यापासून लपवायची कुणाला आठवणही झाली नव्हती तिच्या हातात, हातमोजा असला तर हातमोज्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर ते टाकायचं वेष्टणही कंपनीनंच द्यावं असं लिहिलं होतं. पुण्या-बंगळुरूकडं पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम झाली. आता मीही काढते, भाचीच्या स्केचपेननं. इतक्या वर्षांच्या गुंडाळण्यात पहिल्यांदाच वेष्टणावर खरं काहीतरी लिहिलं गेलं.

डिचोलीजवळच्या पिळगावच्या बायका पाइनच्या लाकडाच्या लगद्याचे, कुजणारे पॅड करतात, ‘सखी’ नावानं. शंभर वर्षांनी पुन्हा लाकडाचा लगदाच. नाव मात्र कुजबुजण्याचं नाही, हे मला आवडलं.

तर परवा शुक्रवारी ठरवलं. फार्मासीत आता मालकांची नात बसते. तिनं पुडा स्कॅन केला आणि सवयीनं काळ्या पिशवीकडे हात नेला. ‘नाका,’ म्हटलं, ‘तशेंच दी.’ ती हसली. मी पुडा हातात धरून शुक्रवारच्या बाजारातून निघाले, चणेवाल्यांवरून, केळ्यांच्या घडांवरून, सुंगटांच्या पाट्यांवरून. कुणी बघत नव्हतं. मान ताठ होती. तांबडी भाजी घेतली, दोन जुड्या.

आणि बस स्टँडच्या तोंडाशी शाळेतले आमचे गणिताचे सर भेटले. आता ऐंशीच्या पुढचे. ‘अगो, तू का?’ म्हणून थांबले. मी हो म्हणेपर्यंत माझ्या डाव्या हातानं, मला न विचारता, तांबड्या भाजीची एक जुडी पुड्यावर आडवी ठेवली होती.

सर भाजीकडे बघत म्हणाले, ‘बरी ताजी दिसते. कशी दिली?’